‘मध्ये थांबू नका’ हा सल्ला पुढे पाठवण्याआधी

मित्रमंडळींचा लांबचा प्रवास ठरला की ग्रुपवर एक सल्ला हमखास येऊन पडतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच असतात: थांबलात की वेळ जातो आणि गाडीची लय तुटते, झोप आली तर काचा खाली करा, गाणी मोठ्याने लावा, चालवणारे दोघं-तिघं असतील तर थांबायची गरजच नाही, आणि अगदीच अडलं तर रस्त्याकडेला दोन मिनिटं पुरतात. यातला एकही मुद्दा टिकत नाही. झोपेचा तर जिवावर बेतणारा आहे.

आधी वेळेचं बघू. ६०० किलोमीटर अंतर आणि ताशी ८० ची सरासरी धरली तर साडेसात तास लागतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन थांबे घेतले तर पाऊण तास वाढतो, बस्स. थांब्यावर तास-दीड तास जातो तो वेळ ठरवून न उतरल्यामुळे. ‘सव्वाचारला निघायचं’ असं उतरतानाच ठरवलं की माणसं सव्वाचारला गाडीत असतात. उलट हाच पाऊण तास वेगाने भरून काढायचा तर सरासरी ८९ वर न्यावी लागेल, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर त्याहून कितीतरी जोरात पळवावं लागेल. ताशी १०० ऐवजी १२० ने जाताना ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला ४४ टक्के जास्त अंतर लागतं, हे त्या हिशेबात कोणी धरत नाही.

लयीबद्दल एवढंच सांगते की ज्यांचं पोटच गाडी चालवण्यावर आहे, त्यांना कायदा थांबायला लावतो. युरोपीय संघात ट्रक आणि बसच्या चालकांनी साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घेणं बंधनकारक आहे. ब्रिटनचा हायवे कोड, म्हणजे तिथली वाहतुकीची नियमावली, तर सगळ्याच चालकांना दर दोन तासांनी किमान १५ मिनिटं थांबायला सांगतो.

आता काचा आणि गाणी. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात लुईझ रेनर आणि जिम हॉर्न यांनी अपुरी झोप झालेल्या चालकांना सिम्युलेटरवर बसवून नेमके हेच दोन उपाय तपासले: तोंडावर थंड हवा आणि रेडिओ. १९९८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की फायदा झालाच तर थोडाच वेळ टिकतो. गाण्याने झोप जात नाही, ती आल्याचं फक्त काही काळ जाणवत नाही. आणि डोळा नेमका कधी लागेल, हे सांगता येत नाही. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपू शकतो. ताशी १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. अशी चार सेकंदं गेली तर ११० मीटर गाडी कोणाच्याच ताब्यात नसते.

यावर चालवणारा म्हणतो, ‘मला कळतं की माझं मला.’ झोप येतेय हे त्याला कळतं, खरं आहे. जांभया, मागचे दोन किलोमीटर न आठवणं, गाडी पट्ट्यावरून सरकणं, हे सगळं त्याला दिसत असतं. पण आपण खरोखरच झोपू, हे त्याला पटत नाही. त्यात मागे सगळे मित्र खुशीत असतात. त्यांचा रंगाचा बेरंग कशाला करायचा, म्हणून तो गप्प राहतो. म्हणूनच थांबे निघण्याआधी ठरलेले हवेत. मग ‘मी दमलोय’ असं कबूल करायची वेळच कोणावर येत नाही.

उपयोग होतो तो कॉफीचा आणि डुलकीचा. कॅफीनचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून आधी कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. उठल्या-उठल्या स्टिअरिंगवर बसू नये. डोकं जड असतं, आधी थोडं चालून यावं. हेही तात्पुरतंच आहे, रात्रीच्या झोपेची भरपाई याने होत नाही.

आलटून-पालटून चालवणं चांगलंच आहे, पण त्याने थांबा वाचत नाही. सगळे पहाटे पाचला एकत्रच उठलेले असतात, त्यामुळे रात्री दहाला सगळ्यांनाच जागं होऊन सतरा तास झालेले असतात. नेचर नियतकालिकात १९९७ साली आलेल्या डॉसन आणि रीड यांच्या अभ्यासानुसार एवढ्या जागरणानंतर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. धक्के खात मागच्या सीटवर पेंगलेला मित्र ताजातवाना नसतो.

सल्ल्यात एक गोष्ट येतच नाही, आणि मला तीच सगळ्यात जास्त खटकते. न थांबणाऱ्या गाडीत कोणीतरी तासन् तास पाणी न पिता बसलेलं असतं, कारण लघवीला थांबा म्हणायचा संकोच वाटतो. बहुतेकदा ती बाई असते. आणि न हलता बसणं कोणालाच चांगलं नाही: चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या नसांत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००७ साली मांडलेल्या अभ्यासात आहे. मूळ धोका लहान आहे, पण थांबून पाय मोकळे करायला काहीच खर्च येत नाही.

राहिली रस्त्याकडेची दोन मिनिटं. महामार्गाच्या कडेला उभी गाडी मागून येणाऱ्याला कधीकधी चालती वाटते, आणि तो झोपेत असेल तर दिसतही नाही. गाडी बिघडली तरच तिथे उभं राहायचं. एरवी विश्रांतीची जागा किंवा पेट्रोलपंप गाठायचा, गाडी रस्त्यापासून आत लावायची, इंजिन बंद करून काचा थोड्या उघड्या ठेवायच्या आणि चालवणाऱ्याला झोपू द्यायचं. बाकीच्यांनी गप्पा बाहेर, गाडीपासून लांब माराव्यात.