‘ॲनोडायझिंगच तर आहे!’ : त्या मेसेजला उत्तर

लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. लिहिणारा कोण ते कळत नाही, पण मजकूर थोडक्यात असा : चिप बनवणाऱ्या मशीनचे निम्मे भाग म्हणजे ॲल्युमिनियमचे डबे आणि झाकणं. त्यांना गंज लागू नये म्हणून वर ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲसिडच्या टाकीत वीज सोडून वाढवलेल्या ऑक्साइडचा, थर देतात. जपानी आणि अमेरिकी कंपन्या त्याचे दहापट पैसे उकळतात. हेच काम भोसरीत, अंबडला, रबाळ्याला रोज चालतं. ॲल्युमिनियम ते ॲल्युमिनियम, आणि बाथ (टाकीतला द्राव) तोच सल्फ्युरिक ॲसिडचा. वर आपला थर ३३६ तास सॉल्ट स्प्रेमध्ये, म्हणजे मिठाच्या फवाऱ्यात, टिकतो. जेवढा जॉब (करायला आलेला भाग) गुळगुळीत तेवढा चांगला, एवढं सांभाळलं की झालं. गुजरातमधल्या साणंद आणि धोलेऱ्याला चिपचे कारखाने येतायत, तेव्हा एक टाकी वाढवा आणि ऑर्डरी घ्या. शेवटी ठसक्यात एक ओळ : ‘नाहीच जमलं तर डायमंड कोटिंग मारा, जन्मभर बघायला नको.’

मेसेजमागची भावना कळते. प्लेटिंगवाला, ॲनोडायझिंगवाला हा आपल्याकडे कायम रांगेतला शेवटचा माणूस. मशीनिंगला उशीर झाला की त्याची घाई याच्या माथी. त्याला कोणी मोठं काम आहे म्हटलं की बरं वाटणारच. पण या मेसेजच्या भरवशावर कोणी कर्ज काढून टाकी बसवली तर तो नक्की फसेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘गंज लागू नये म्हणून थर देतात.’ सगळी गोची इथूनच सुरू होते. खिडकीच्या सेक्शनवर थर असतो तो खिडकी टिकावी म्हणून. एचिंग चेंबरच्या, म्हणजे चिप कोरायच्या बंद कप्प्याच्या, भिंतीवर तो असतो मुख्यतः आत ठेवलेला वेफर (चिप जिच्यावर बनतात ती सिलिकॉनची चकती) बिघडू नये म्हणून. भिंत टिकते हा त्यातला दुय्यम फायदा.

चिपवरच्या बारीक रेषा कोरायला आता बहुतेक ठिकाणी ॲसिड वापरत नाहीत. निर्वात चेंबरमध्ये क्लोरीन, हायड्रोजन ब्रोमाइड किंवा फ्लोरीन असलेले वायू सोडतात आणि विजेच्या जोरावर त्यांचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, करतात. हा प्लाझ्मा सिलिकॉन कोरतो, तशीच समोर येईल ती वस्तूही कोरतो. भिंत, झाकण, वायू सोडणारा शॉवरहेड, काही सुटत नाही. क्लोरीन उघड्या ॲल्युमिनियमपर्यंत पोचला की ॲल्युमिनियम क्लोराइड तयार होतं. ते साध्या दाबाला १८० अंशांच्या आसपास आणि निर्वातात त्याहून कमी तापमानाला वाफ होऊन उडतं. भिंत झिजते ती झिजतेच, वर तो धातू वेफरच्या वाटेला लागतो. फ्लोरीनची तऱ्हा उलटी. ॲल्युमिनियम फ्लोराइड हजार अंशांवरही घनच राहतं. ते जागच्या जागी साचतं आणि चेंबर तापून निवेल तसे त्याचे पोपडे सुटतात, जुन्या घराच्या चुन्यासारखे. फरक इतकाच, की इथला पोपडा डोळ्यांना दिसत नाही. आपला केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, आणि चिपवरच्या रेषा काही दहा नॅनोमीटरच्या. रेषेच्या निम्म्या जाडीचा कण पडला तरी त्या जागची चिप बाद होऊ शकते.

कणांचं एक, धातूंचं दुसरं. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर चौरस सेंटिमीटरला साधारण सात कोटी कोटी अणू असतात. लोखंड, तांबं, निकेल यांची मर्यादा अनेक टप्प्यांवर चौरस सेंटिमीटरला हजार कोटी अणूंच्या आसपास धरतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण हिशेब केला तर सत्तर हजारांमागे एक. हे नवीन वेड नाही. १९६०च्या दशकात सुरुवातीचे मॉस ट्रान्झिस्टर (चिपमधले विजेचे स्विच) आपोआप बिघडायचे, त्यांचं व्होल्टेज सरकायचं. शोधता शोधता कारण निघालं सोडियम. घामात असतो तोच.

म्हणजे थराकडे बघायची नजरच बदलावी लागते. आपण विचारतो, थर किती सोसतो? तिथे विचारतात, थर काय काय सोडतो?

आता मधला, सगळ्यात मोठा मुद्दा : ‘ॲल्युमिनियम ते ॲल्युमिनियम, आणि बाथ तोच सल्फ्युरिकचा.’ बाथ सल्फ्युरिकचा असू शकतो, मान्य. हार्ड ॲनोडायझिंगसाठी तो शून्य अंशाजवळ थंड ठेवून ५० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) आसपास थर काढतात, हेही आपल्याकडे होतं. पण जॉबचा धातू बघा. चेंबरसाठी सर्रास वापरतात तो ६०६१ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्यात मॅग्नेशियम १ टक्क्याच्या आसपास, सिलिकॉन ०.४ ते ०.८, तांबं ०.१५ ते ०.४ आणि लोखंड ०.७ टक्क्यापर्यंत चालतं. हे सगळं धातूत सारखं विरघळून राहत नाही. लोखंडाचे, मॅग्नेशियम-सिलिकॉनचे बारीक दाणे धरतात. ॲनोडायझिंगमध्ये थर वाढताना असा दाणा मध्ये आला की तो एक तर विरघळून पोकळी ठेवतो, नाहीतर थरात अडकून बसतो. खिडकीला त्याने काही बिघडत नाही. चेंबरमध्ये तीच पोकळी क्लोरीनला खाली उतरायची वाट होते. म्हणून मशीनवाले अशुद्धी कमी ठेवलेला, दाणे बारीक असलेला खास माल मागतात, आणि प्लेटचा हीट नंबर (ती कोणत्या ओतकामातली ते सांगणारा क्रमांक) शेवटपर्यंत सोबत ठेवायला लावतात. बाजारातून उचललेली प्लेट आणि ‘सर्टिफिकेट नंतर देतो’ हा प्रकार तिथे चालत नाही.

पुढे सीलिंग. थरात कोट्यवधी उभी छिद्रं असतात, काही दहा नॅनोमीटर व्यासाची, ती बंद करावी लागतात. आपल्याकडे निकेल ॲसिटेटचं सीलिंग किंवा निकेल फ्लोराइडचं कोल्ड सीलिंग सोयीचं पडतं. वेळ वाचतो, गॅस वाचतो. पण निकेल सिलिकॉनमध्ये फार वेगाने पसरतं. ज्या धातूला वेफरपासून लांब ठेवायचा, तोच आपण छिद्राछिद्रात भरून देणार! तिथे सीलिंग गरम शुद्ध पाण्याचं. आणि पाणी कसलं, तर डीएम प्लांटवर (पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्रणेवर) ‘चालतंय’ म्हणून महिनोन्‌महिने रेझिन न बदललेलं नव्हे. पाण्यातलं क्लोराइड छिद्रांत गेलं की थर आतून पोखरला जातो. बोअरच्या पाण्यावर धुलाई करणाऱ्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा.

मग कोपरे. थर पृष्ठभागाशी काटकोनात वाढतो, त्यामुळे बाहेरच्या धारदार कडेवर दोन्ही बाजूंचे थर एकमेकांपासून फाकतात आणि मध्ये भेग राहते. वेफर आत-बाहेर करायची फट असते ना चेंबरला, तिच्या ओठावर ही भेग लेन्सखाली स्पष्ट दिसते. उपाय टाकीत नाही, ड्रॉइंगमध्ये आहे : कडेला गोलाई द्यावी लागते, आणि ती मशीनिंगवाल्याने हाताने पेपर मारून दिलेली चालत नाही.

शिवाय उष्णता. ॲल्युमिनियम तापल्यावर आपल्या ऑक्साइडच्या कितीतरी पट जास्त फुगतं. शंभर अंशांच्या वर गेलं की जाड, कडक थराला केसासारख्या बारीक भेगा पडायला लागतात. टाकीतून काढला तेव्हा थर अखंड होता, हे खरं. पण तो न तापवता वापरणार कोण?

आता ३३६ तासांबद्दल. ॲनोडायझिंगच्या अमेरिकी लष्करी मानकातली ती जुनी चाचणी आहे : ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा, ३३६ तास. समुद्राच्या हवेत भाग कसा टिकेल हे ती सांगते. चेंबरमध्ये समुद्र नसतो. तिथली चाचणी साधी, स्वस्त आणि बघण्यासारखी आहे. थरावर काचेच्या नळीचा छोटा तुकडा उभा चिकटवतात, खाली गळणार नाही असा. त्यात ५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड ओततात आणि घड्याळ लावून बघत बसतात. ॲसिड भेगांतून, छिद्रांतून खाली उतरतं. ॲल्युमिनियमला टेकलं की हायड्रोजन सुटतो आणि नळीच्या तळाशी एका बिंदूतून बुडबुड्यांची सलग माळ वर यायला लागते. ती माळ सुरू व्हायला लागलेला वेळ म्हणजे थराची खरी किंमत. चांगला थर तासन्‌तास दम धरतो. सॉल्ट स्प्रे पास झालेला थर इथे बघता बघता बुडबुडे सोडू शकतो, कारण दोन्ही परीक्षांचा विषयच वेगळा.

‘जेवढा गुळगुळीत तेवढा चांगला’ हे अर्धं खरं. वायू आणणाऱ्या ३१६एल स्टीलच्या नळ्या आतून इलेक्ट्रोपॉलिश करतात, खडबडीतपणा पाव मायक्रॉन किंवा त्याहून कमी, आणि नुसती चमक बघत नाहीत तर वरच्या थरात लोखंडापेक्षा क्रोमियम किती जास्त आहे तेही मोजतात. पण धातूचा थर चढवणाऱ्या स्पटरिंग चेंबरमधल्या शील्डवर (आतल्या आडोशाच्या पत्र्यावर) मुद्दाम आर्क स्प्रेने, म्हणजे विजेच्या ठिणगीने वितळवून फवारून, ॲल्युमिनियमचा खरखरीत थर देतात. उडालेला धातू तिथे घट्ट चिकटून राहावा, सुटून वेफरवर पडू नये म्हणून. त्या शील्डला कोणी प्रेमाने बफिंग करून दिलं तर भाग गेला भंगारात.

राहिलं डायमंड कोटिंग. त्याचं शास्त्रीय नाव डायमंडसारखा कार्बन, म्हणजे शेवटी कार्बन. चेंबर साफ करायला आणि फोटोरेझिस्ट (नक्षीसाठी वेफरवर दिलेला सेंद्रिय लेप) काढायला ऑक्सिजनचा प्लाझ्मा वापरतात. त्यात कार्बन जळून वायू होतो. रेझिस्ट काढतातच मुळी तसा. तेव्हा अशा चेंबरमध्ये हे ‘जन्मभराचं’ कोटिंग पहिल्याच साफसफाईला झिजायला लागेल. क्वार्ट्झचीही तीच कथा, फ्लोरीनमध्ये त्याचा सिलिकॉन टेट्राफ्लोराइड होतो आणि तो खोलीच्या तापमानालाच वायू असतो.

फ्लोरीनच्या प्लाझ्मात खरा टिकतो तो यिट्रिया, म्हणजे यिट्रियमचा ऑक्साइड. यिट्रियम फ्लोराइड सहजी वाफ होत नाही, म्हणून झीज अगदी हळू. भुकटी प्लाझ्मा टॉर्चमध्ये वितळवून भागावर मारतात, थर शंभर-दोनशे मायक्रॉनचा. पण वितळलेले थेंब एकावर एक आपटून बसतात, त्यामुळे मध्ये छिद्रं राहतात आणि पृष्ठभागावर सैल दाणे. ते दाणेच पुढे कण म्हणून पडतात. म्हणून जपानमध्ये दुसरी रीत निघाली, एरोसोल डिपॉझिशन : बारीक भुकटी न वितळवता निर्वातात प्रचंड वेगाने भागावर आदळवायची. ती आपटून फुटते आणि दाट थर धरते. तिथल्या एआयएसटी या सरकारी संशोधन संस्थेत हे तंत्र उभं राहिलं आणि चिपच्या मशीनचे भाग त्याने बनवणाऱ्यांत टोटो ही कंपनी आहे. हो, तीच कमोडवाली. सिरॅमिक कोणाला कळतं याचा अंदाज येईल.

तरी यिट्रियाही अमर नाही. त्याच्या वरच्या पापुद्र्यात फ्लोरीन शिरतो, कण सुटतात. त्यावर तोडगा म्हणून यिट्रियम ऑक्सिफ्लोराइडचे थर आले. भाग ठरावीक तासांनी उतरवून धुवायचा, थर काढायचा, पुन्हा द्यायचा, हाच या धंद्याचा रोजचा क्रम आहे. ‘जन्मभर’ हा शब्द तिथल्या कोणाच्या तोंडात नसतो. त्यातून यिट्रियमची किल्ली चीनकडे. ४ एप्रिल २०२५ला चीनने ज्या सात दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, त्यात यिट्रियम आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट या खनिजात सिरियम, लँथनम, निओडिमियम भरपूर, यिट्रियम अगदी थोडं.

‘दहापट भाव म्हणजे लूट’ यावर फार बोलत नाही. भावात थराइतकाच पुरावा विकला जातो. भाग धुतल्यावर त्यावरून उतरलेल्या द्रावात कोणता धातू किती, हे अब्जात एक भाग इतक्या बारीक हिशेबात मोजणारं यंत्र लागतं, स्वच्छ खोलीत दुहेरी पिशवीत पॅकिंग लागतं. शिवाय एकदा मंजूर झालेली पद्धत बदलायची नाही. इंटेलने तर ‘कॉपी एक्झॅक्टली’ असं नावच दिलंय आपल्या धोरणाला. पुरवठादाराने ॲसिडचा ब्रँड बदलला तरी आधी कळवायचं, थांबायचं, नमुने पाठवायचे. आपल्याकडे केमिकलवाला ‘साहेब, हे दोन रुपयांनी स्वस्त आहे’ म्हणाला की ड्रम बदलतो. नफा कोणी जास्त लावत नसेल असं नाही. पण खर्चही आहे, आणि तो टाकीबाहेरचा आहे.

साणंद आणि धोलेरा एका दमात घेणं ही शेवटची चूक. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीचं साणंदचं केंद्र चिपच्या जोडणी आणि चाचणीचं आहे. वेफर तिथे बाहेरून तयार होऊन येतो, एचिंग चेंबरच्या रांगा तिथे नसतात. धोलेऱ्याला टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी यांच्या ज्या फॅबची (वेफरवर चिप बनवणाऱ्या कारखान्याची) पायाभरणी १३ मार्च २०२४ला झाली, तिथे मात्र वेफरवरच काम होणार आहे. चेंबर, लाइनर (चेंबरचं आतलं अस्तर), शील्ड सगळं लागेल, आणि वरचेवर धुवायलाही लागेल. नवीन भाग मशीन बनवणाऱ्याच्याच मंजूर पुरवठादाराकडून येतील. धुलाई आणि पुन्हा थर देणं हे काम मात्र जवळपास कोणीतरी करावंच लागतं. आपल्यासाठी दार उघडं असेल तर ते इथे. ज्ञानाचा दुष्काळही नाही. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात युरेनियम वितळवायच्या ग्रॅफाइटच्या मुशींवर यिट्रियाचा प्लाझ्मा स्प्रे देण्याचं काम झालेलं आहे.

ज्याला खरंच उतरायचंय त्याने टाकीचं कोटेशन मागवायच्या आधी आपल्या आत्ताच्या बाथमधून ६०६१चे चार तुकडे काढावेत. दोन तसेच ठेवावेत, दोन दीडशे अंशांना तापवून थंड करावेत, आणि चारही तुकड्यांवर काचेची नळी चिकटवून ५ टक्के ॲसिड भरावं. हातमोजे, चष्मा, आणि खिडकी उघडी. कोणत्या तुकड्यावर किती वाजता बुडबुडे आले ते वहीत लिहावं, आणि ती वही घेऊन मग बँकेत जावं.