खुनी आधीच कळला, तर रहस्य उरते कुठे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

जपानी रहस्यकथाकार केइगो हिगाशिनो यांच्यावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्याच प्रकरणात खून कोणी केला हे सांगून टाकणारा लेखक रहस्यकथाकार नव्हे, त्याचे यश एका कादंबरीपुरते आहे आणि कारखान्यातून माल काढावा तशी त्याची पुस्तके निघतात, असे आपले म्हणणे. त्यांना मिळालेल्या नाओकी या जपानी साहित्य पारितोषिकाचे साल मी चुकवल्याचेही आपण दाखवून दिले आहे. ती चूक मान्य आहे. पारितोषिक २००५ च्या उत्तरार्धाचे असले तरी ते जाहीर झाले जानेवारी २००६ मध्ये. लेखात दुरुस्ती केली आहे.

हे पारितोषिक मिळवणाऱ्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' या कादंबरीच्या यशाला आपण नशिबाचा भाग म्हणता, तेथे मात्र मी सहमत नाही. १९५८ साली ओसाकात जन्मलेल्या, विद्युत अभियांत्रिकी शिकून निप्पॉन डेन्सो कंपनीत नोकरी करणाऱ्या या माणसाला १९८५ साली 'होकागो' या कादंबरीसाठी रहस्यकथांचे एदोगावा राम्पो पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी नोकरी सोडून तो तोक्योला आला. त्यानंतर नाओकी पारितोषिकासाठी त्यांचे नाव पाच वेळा सुचवले गेले आणि पाचही वेळा मागे पडले. त्यात 'हिमित्सु' आणि 'ब्याकुयाको' या आज त्यांच्या उत्तम गणल्या जाणाऱ्या कादंबऱ्याही होत्या. सहाव्या खेपेला मिळालेल्या यशाला नशीब म्हणायला माझी लेखणी धजावत नाही.

आता मूळ मुद्दा. 'होकागो' हे अगदी रीतसर कोडे आहे: मुलींची शाळा, आतून बंद असलेली कपडे बदलण्याची खोली, आत शिक्षकाचे प्रेत. निवेदक गणिताचा शिक्षक. वीस वर्षांनी 'सस्पेक्ट एक्स'मध्येही गणिताचाच शिक्षक, इशिगामी, सुमिदा नदीच्या काठाने शाळेकडे चालत जाताना भेटतो. वाटेत बेघरांची पाले आणि डबे चेपून पिशवीत भरणारा माणूस रोजच्यासारखाच दिसतो. याच प्रकरणात शेजारची यासुको आणि तिची मुलगी कोतात्सूच्या (खालून ऊब देणाऱ्या जपानी बैठ्या मेजाच्या) वायरीने तिच्या घटस्फोटित नवऱ्याचा गळा आवळतात. खुनी कोण, हे आपल्याला येथेच कळते, हे खरे. परंतु हाच इशिगामी परीक्षेचे प्रश्न कसे काढतो पाहा: वरकरणी भूमितीचा वाटणारा, पण प्रत्यक्षात फलनाचा (फंक्शनचा). विद्यार्थी भूमितीच्या अंगाने सोडवायला बसतो आणि तेथेच फसतो. वाचकाचेही तेच होते, कारण 'कोणी?' हा प्रश्न सुटला म्हणून तो निर्धास्त होतो, आणि खरा प्रश्न कोणता आहे हेच त्याला शेवटपर्यंत कळत नाही. अधिक सांगणे उचित नव्हे. न वाचलेलेही येथे येतात.

आपला आक्षेप एकट्याचा नाही, हेही सांगायला हवे. या कादंबरीला 'होनकाकु', म्हणजे शुद्ध कोड्याची रहस्यकथा, म्हणावे काय, असा सवाल जपानमध्ये रेइतो निकाइदो या रहस्यकथाकारानेच केला होता आणि त्यावरून मोठा वाद रंगला. २००६ चे होनकाकु मिस्टरी पारितोषिक मात्र याच कादंबरीला मिळाले. मला विचाराल तर निकाइदो यांची बाजू पूर्णपणे पोकळ नव्हती. दुवे वाचकापुढे किती उघडे मांडले जातात, यावर आजही प्रामाणिक मतभेद होऊ शकतात.

भरमसाट लेखनाविषयी मी आपल्या बराच जवळ आहे. २०२३ साली त्यांचे शंभरावे पुस्तक आले, आणि इतक्या पुस्तकांत काही केवळ प्रवासात वेळ घालवण्याजोगी असणारच. त्यांच्या स्त्रीपात्रांबद्दलही माझी तक्रार आहे. पुष्कळदा त्या कोणाच्या तरी निष्ठेचा विषय म्हणूनच उरतात. (आपल्याकडेही भरपूर लिहिणाऱ्या रहस्यकथाकाराकडे संशयानेच पाहतात, तो भाग वेगळा.) पण त्या ढिगातच १९९६ ची 'अकुइ' आहे, इंग्रजीत 'मॅलिस'. तिच्यात तपास अधिकारी कागा खुन्याला निम्म्याच्या आतच पकडतो, खुनी कबुलीही देतो, आणि तरीही कागाचे समाधान होत नाही, कारण त्याला हवे असते ते खुनामागचे कारण. 'सस्पेक्ट एक्स'च्या नऊ वर्षे आधी हिगाशिनो यांनी 'कोणी?' हा प्रश्न असा बाजूला ठेवून पाहिला होता.

आपण 'अकुइ' वाचलेली नसावी, असे प्रतिक्रियेवरून वाटले. वाचायला घेतलीत, तर अटक झाल्यावर पुस्तक मिटू नये, ही विनंती.