कॉपी-पेस्टने आवाज दुहेरी होत नाही

गणपती जवळ आले की इंदूरच्या मराठी घरांतून रेकॉर्डिंगचं पेव फुटतं. रामबागेत जा, लोकमान्य नगरात जा, कुणीतरी भिंतीला गाद्या लावून मंडळासाठी आरत्या नाहीतर स्वतः चाल दिलेलं भक्तिगीत रेकॉर्ड करत बसलेलं असतं. या मंडळींच्या मोबाइलवर सध्या ‘घरच्या घरी स्टुडिओसारखा डबल आवाज’ असा एक मेसेज फिरतोय. डबल म्हणजे एकाच गायकाचा आवाज दोनदा गायल्यासारखा भरीव करणं. त्यातला मजकूर थोडक्यात असा:

गाणं एकदाच गा. ट्रॅकची कॉपी करा, ती 20 मिलिसेकंद मागे सरकवा, एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाका. दोन्हींना पिच करेक्शन (सूर आपोआप सुधारणारी सोय) पूर्ण लावा. दोन्हींची पातळी सारखी ठेवा. आणखी भारदस्तपणा हवा असेल तर आठ कॉप्या करा. वरून भरपूर रिव्हर्ब (सभागृहासारखी गुंज). आणि शेवटी ठसक्यात, ‘बीटल्सनीही हेच केलं होतं!’

एकेक मुद्दा घेऊ.

‘कॉपी केली की आवाज भरतो’

भरत नाही, मोठा होतो. तंतोतंत सारखे दोन ट्रॅक एकत्र वाजवले की पातळी 6 डेसिबलने वाढते. तेवढाच फेडर (पातळीचा दांडा) वर सरकवला असता तरी हेच ऐकू आलं असतं. खात्री करायची तर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकची कॉपी करा, तिला ‘इन्व्हर्ट’ (आवाजाची लहर उलटी करणारी सोय) लावा आणि दोन्ही एकत्र वाजवा. पूर्ण शांतता! कारण कॉपीत नवीन काहीच नव्हतं. आता तीच ओळ पुन्हा गाऊन तो टेक इन्व्हर्ट करा. काही केल्या आवाज पुसला जाणार नाही. गायकाने दुसऱ्यांदा गाताना नकळत जे वेगळं केलं ते शिल्लक राहतं आणि डबलचा भरीवपणा येतो तो त्यातूनच. कुठे सूर केसभर खाली, कुठे शब्द किंचित आधी, कुठे श्वास जरा सैल.

‘20 मिलिसेकंद सरकवलं की झालं डबल’

हेडफोनवर हे खरं वाटतं, म्हणून तर मेसेज इतका पसरला. पण हेडफोनवरही नीट ऐका. मूळ ट्रॅक डावीकडे असेल तर गायकही डावीकडे कललेला वाटेल. ध्वनीचे जर्मन अभ्यासक हेल्मुट हास यांनी 1949 च्या प्रबंधात हेच दाखवलं होतं: साधारण 30 मिलिसेकंदांच्या आत तोच आवाज दोनदा आला तर कान त्याला एकच समजतो आणि जिकडून आधी आला तिकडे बोट दाखवतो. म्हणजे रुंदी मिळाली खरी, पण मुख्य गायक मधून उठून डाव्या कोपऱ्यात जाऊन बसला.

खरी फजिती मोनोत, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसतं तिथे, होते. आणि मोनो काही आजोबांच्या रेडिओबरोबर संपला नाही. मंडळाचे भोंगे बहुधा मोनोच असतात, छोटा ब्लूटूथ स्पीकरही बहुतेक वेळा एकच. तिथे डावं-उजवं एकत्र आलं की 20 मिलिसेकंदांच्या फरकामुळे 25, 75, 125, 175 हर्ट्झ अशा दर 50 हर्ट्झवर आवाजात खड्डे पडतात. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरा, म्हणजे सुमारे 139 हर्ट्झ. त्याचा रिषभ येतो 156 च्या आसपास, म्हणजे 150 च्या फुगवट्याजवळ, आणि शुद्ध गंधार 173 वर, जवळजवळ खड्ड्यात. सा-रे-ग अशी साधी चढण घेतली तरी रिषभ अंगावर येतो आणि गंधाराचा पाया सुटतो. गायकाचा दोष नाही, माइकचाही नाही. ऐकणारा मात्र म्हणतो, ‘आवाज पत्र्याच्या डब्यातून येतोय.’

‘बीटल्सनीही हेच केलं होतं’

हे केलं नव्हतं. आधी हा इंग्लिश बँड सरळ दोनदा गात असे. दोनदा गायचा त्यातले गायक जॉन लेनन यांना कंटाळा होता, म्हणून 1966 मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओतले इंजिनिअर केन टाउनसेंड यांनी दुसऱ्या टेप मशीनवर आवाजाची प्रत घेण्याची युक्ती काढली. पण त्या दुसऱ्या मशीनचा वेग ऑसिलेटरने सतत हलवत ठेवता येत असे. त्यामुळे दोन आवाजांमधलं अंतर स्थिर न राहता तरंगायचं आणि त्याबरोबर सूरही किंचित हलायचा. म्हणजे यंत्राकडूनसुद्धा माणसाची अनियमितताच करून घेतली होती. घट्ट 20 वर खिळलेली कॉपी नेमकी याच्या उलट आहे.

‘दोन्हींना पिच करेक्शन पूर्ण लावा’

समजा, दोनदा गायलात. आता दोन्ही टेक पूर्ण करेक्शनने एकाच रेषेवर आणले तर जो फरक कमावला तोच इस्त्री करून घालवला. दोन सुरांत पाच सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक असेल तर तार षड्जाजवळ, 277 हर्ट्झवर, सेकंदाला एकापेक्षाही कमी वेळा मंद हेलकावा येतो. डबलची ऊब ती हीच. शिवाय पिच करेक्शनचे बहुतेक प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) हार्मोनियमच्या, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या, पट्ट्या धरून चालतात. तंबोऱ्यातून निघणारा स्वयंभू गंधार त्या पट्टीपेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो. मागे तंबोरा लावलाय आणि गळा प्लगइनने वर ओढलाय, हे मिश्रण ज्याला खटकत नाही त्याने खुशाल पूर्ण करेक्शन लावावं. माझा सल्ला: लीडला, म्हणजे मुख्य आवाजाला, गरज असेल तिथेच हात लावा, डबलमध्ये फक्त उघड बेसूर जागा दुरुस्त करा.

‘दोन्हींची पातळी सारखी ठेवा’

मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हा. गाणं कोण गातंय हे एकाच आवाजाने सांगायचं असतं. लीड मधोमध ठेवा, डबल त्याच्या 6 ते 10 डेसिबल खाली. डबल हे पोह्यांवरच्या जिरावण मसाल्यासारखं, असताना कुणी नाव घेऊ नये, नसलं की लगेच कळावं.

पण पातळीच्या आधीचं काम व्यंजनांचं आहे आणि त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. स्वर दोनदा आले तर जाड वाटतात, व्यंजनं दोनदा आली तर तोतरी वाटतात. त्यातून आपली मराठी. ‘चांदणं’, ‘जाई’, ‘झरा’ यातले च-ज-झ दातांवर घासून येतात, ‘स’ तर विचारूच नका. दोन टेकमध्ये हे 40 मिलिसेकंदांनी पुढेमागे झाले की स्वर कितीही जुळलेले असोत, दोन माणसं भांडताहेत असं वाटतं. उपाय गातानाच करावा. ओळ ‘चरणांत’वर संपत असेल तर शेवटचा ‘त’ फक्त लीडने म्हणायचा, डबलने ‘चरणां’वरच हळूच विरून जायचं. ‘भ’ आणि ‘घ’चा धक्काही डबलमध्ये मऊ घ्यायचा. मग एडिटमध्ये डबलचे श्वास कापा, ‘स’ आणि ‘च’ हाताने कमी करा, 150 हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाका आणि कॉम्प्रेशन (आवाजातले चढउतार कमी करणारी सोय) लीडपेक्षा जरा जास्त लावा. शब्दांचे आरंभ 20-25 मिलिसेकंदांच्या आत आले की पुरे. त्याहून घट्ट जुळवत बसलात तर फिरून कॉपीकडेच निघालात.

आणि मुरक्या-हरकतींवर डबल नको. त्या दुसऱ्यांदा तशाच येत नाहीत, येऊही नयेत. धृपदाची सरळ ओळ दुहेरी करा, कडव्यातली नक्षी एकट्या लीडवर सोडा.

‘आठ कॉप्या, आठपट भारदस्त’

कॉप्यांचं वर झालंच. आठ वेळा खरंच गायलात तरी नवव्या टेकने पातळीत भर पडते अर्ध्या डेसिबलची, आणि गळा एकच असल्यामुळे कोरस होत नाही. वर खोलीचा त्रास वेगळाच. आपल्याकडची दहा बाय दहाची खोली 56, 113, 169 हर्ट्झवर गुंजते आणि लांबी-रुंदी सारखी म्हणून गुंजणं दुप्पट. त्याच जागी उभं राहून आठदा गायलं की तो घुमारा आठ थरांत साचतो. दोन-तीन टेक पुरेत, तेही दर वेळी माइकपासून वीतभर मागे किंवा बाजूला सरकून. हेडफोन बंद कपाचे घाला, नाहीतर ठेक्याची टिकटिक प्रत्येक टेकमध्ये शिरते. आरतीला घोळका हवाच असेल तर शेजारच्या काकूंना आणि जिन्यात खेळणाऱ्या पोरांना बोलवा. त्यांच्यासारखं प्लगइन अजून निघालेलं नाही.

‘भरपूर रिव्हर्बने सगळं चिकटतं’

न जुळलेला ‘स’ रिव्हर्बमध्ये आणखी लांबतो, एवढंच. लीड आणि डबल दोघांना एकाच रिव्हर्बमध्ये पाठवा, थोडंच.

आता मेसेजमधलं अर्धं खरं. डावी-उजवीकडे टाकायची कल्पना वाईट नाही, फक्त तिथे कॉपीऐवजी वेगवेगळे टेक हवेत: मध्ये लीड, दोन बाजूंना दोन डबल, आणि ते दोघे आपसात सारख्या पातळीवर. आणि गायिका रेकॉर्डिंग आटोपून पुण्याची गाडी पकडून गेली असेल, दुसरा टेक मिळणारच नसेल, तर डबलर प्लगइन लावायला हरकत नाही. मात्र त्यात वेळ आणि सूर दोन्ही हलते ठेवा, सूर फार तर आठ-दहा सेंटपर्यंत, पातळी लीडच्या निदान 10 डेसिबल खाली, आणि फाइल मंडळाला पाठवायच्या आधी एकदा मोनो करून ऐका.