आजी किती वेळा मरणार?

दुपारपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

शेजारच्या पोरीने एका दिवाळी अंकाला कथा पाठवली. साडेचार हजार शब्द. नोकरी करून, रात्री जागून, आठ महिने लिहिलेली. सकाळी ९.१० ला फाइल व्हॉट्सॲपवर गेली आणि ९.१४ ला संपादकांचं उत्तर आलं : 'बाळा, डबा छान करत असशील. कथेच्या भानगडीत पडू नकोस.' पुढे खदाखदा हसणारे तीन चेहरे.

पोरगी मोबाइल माझ्यासमोर धरून विचारते, "मावशी, एवढी वाईट आहे का गं?"

चार मिनिटं! चार मिनिटांत फाइल उघडून पहिलं पान तरी वाचून होतं का?

संपादकाने परखड असावं, हे मला कुणी शिकवू नये. तो परखडपणा मी अंगावर घेतलाय. १९९४ साली मी सांगलीत होते, बावीस वर्षांची. फुलस्केपची अकरा पानं पाठपोट न लिहिता, सोबत तिकिटं लावलेलं परतीचं पाकीट घालून एका मासिकाला कथा पाठवली. दीड महिन्याने तेच पाकीट दारात. सगळे समास लाल पेन्सिलीने भरलेले. कथेतली आजी चौथ्या पानावर आजारी पडते आणि दहाव्या पानावर जाते. आठव्या पानाच्या समासात लिहिलं होतं, 'आजी किती वेळा मरणार?'

मी न्हाणीघराची कडी लावून रडले. दोन दिवस ते पाकीट कपाटावर फेकून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी काढलं, तेव्हा तिसरं पान नीट बघितलं. आजी मटार सोलायला बसते, पहिल्या शेंगेतले दाणे स्वतः तोंडात टाकते आणि मगच परडी पुढे ओढते, असं एक वाक्य होतं. त्याखाली दोन रेघा. शेवटी बारीक अक्षरात : 'ही आजी खरी आहे. इथून सुरू करा.'

त्या माणसाने माझी चेष्टा केली, पण आधी अकरा पानं वाचली. आठव्या पानावरचा तो टोला आठव्या पानापर्यंत आल्याशिवाय सुचत नाही हो.

'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत. त्यांच्यावरही राग होता लोकांचा, १९६९ मध्ये लघुअनियतकालिकं, म्हणजे स्वतःची छोटी बंडखोर मासिकं काढणाऱ्या तरुणांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. असू दे. ती पत्रं मिळालेले लेखक ती जपून ठेवत, एवढं मला पुरे आहे.

मान्य, अंकाच्या हंगामात ढिगाने मजकूर येतो, माणसं कमी, पैसा त्याहून कमी. मग 'साभार परत' लिहा ना! दोन शब्द. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि डबा? हे एखाद्या मुलाला लिहिलं असतं का तुम्ही?

आता जरा शांत झालेय. संध्याकाळी मी तिची कथा वाचली. खरं सांगते, मधला भाग फार लांबलाय, संवाद सगळ्यांच्या तोंडी एकसारखे आहेत. पण बसस्टॉपवर उभा असलेला बाप मुलीची बस आली की पिशवीचा हात बदलतो, आणि बस निघून गेली तरी पिशवी त्याच हातात राहते. तिथे मी थांबले. परत वाचलं.

माझी ती अकरा पानं अजून आहेत. लाल रंग विटकरी झालाय, रेघा मात्र दिसतात. मघाशीच काढून टेबलावर ठेवलीत.

पोरी, हे वाचत असशील तर रविवारी सकाळी ये. फाइल नको, कागदावर छापून आण. समास मोठा ठेव.