‘सातव्या वर्षानंतर वाद्य येत नाही’ या मेसेजबद्दल

‘सात वर्षांच्या आत वाद्य हाती दिलं नाही तर मुलाचा मेंदू संगीतासाठी कायमचा बंद होतो,’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो खरा नाही.

त्यात तथ्य आहे ते एवढंच: कुठल्याही आधाराशिवाय ऐकताक्षणी सूर ओळखण्याची क्षमता बहुधा लहानपणीच्या शिक्षणातून येते. पण कित्येक नामवंत वादकांकडे ती नसतेच. दोन सुरांमधलं अंतर ओळखायला कोणत्याही वयात शिकता येतं. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ तर बाराव्या वर्षाच्या सुमारास संगीताकडे वळला.

वय ठरतं ते वाद्यावरून. व्हायोलिन ‘१/१६’ नावाच्या अगदी छोट्या मापाचंही मिळतं, म्हणून तीन-चार वर्षांचं मूलही ते धरू शकतं. बासरीचं तसं नाही. चिमुकलं बोट भोकावर पुरतं बसलं नाही की हवा निसटते, सुराऐवजी नुसती फुसफुस ऐकू येते आणि मूल हिरमुसतं. क्लॅरिनेट हे तोंडात धरून फुंकायचं वाद्य; त्यासाठी पुढचे पक्के दात हवेत (ते साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात येतात), शिवाय वाद्याचा भार उजव्या अंगठ्यावर पडतो.

उलट, नऊ-दहा वर्षांचं मूल सूचना पटकन समजून घेतं. तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; आधीच पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.