भोपळ्याची ट्रिप

न्यू जर्सीहून शिकागोला विमानाने दोन-अडीच तास लागतात. आम्हाला दोन दिवस लागले. तिथल्या गणेशोत्सवात बायकोचं गाणं होतं आणि मिरजेहून आणलेला तानपुरा ती विमानतळावर सामान भिरकावणाऱ्यांच्या हाती देणार नव्हती. म्हणून आरव्ही, म्हणजे झोपण्या-न्हाण्याची सोय असलेली चालती-फिरती घरगाडी, भाड्याने घेतली.

गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून गेली. इथे तानपुऱ्याचा भोपळाच गाडीत बसणार होता आणि टुणूक करायची त्याला सक्त मनाई होती.

पंचवीस फुटी गाडीत साडेचार फुटी तानपुरा मावतो, जागेवर राहत मात्र नाही. सोफ्यावर ठेवला तर वळणावर गडगडणार. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग बायकोने नजरेनेच बाद केला. मग मी सामान आवळायचा खटक्याचा पट्टा काढला. एसटीच्या टपावर वळकटी बांधण्यात माझी उमेदवारी झालेली. आवळलं नाही तर बांधलं कसलं? तिसऱ्या खटक्याला ‘कर्र’ झालं.

“काय वाजलं रे?”

“पट्टा.”

खरोखर पट्टाच होता. पण तोवर मिरजेला फोन लागलासुद्धा.

“जावईबापू, म्हैस बांधताय का?” सासरे म्हणाले. “वाळवलेला भोपळा आहे तो, आतून पोकळ. सोडा आधी! तारा उतरवा, अंगाला मऊ काहीतरी लावा आणि हलणार नाही इतपतच अडकवा.”

शेवटी जागा मिळाली न्हाणीघरात. खाली गोधडी, तिच्यावर भोपळा, चहूबाजूंनी उशा. आरव्हीवाले ओले कपडे टाकायला दोन भिंतींमध्ये स्प्रिंगची दांडी अडकवतात. तिला माझा मफलर गुंडाळून तानपुऱ्याला टेकू दिला. दोन दिवस आंघोळीची सोय फक्त त्याची होती, आणि तो कोरडाच राहिला.

पेन्सिल्व्हेनियात आय-८० महामार्गावर पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केला. मी ब्रेक मारला. वरच्या कपाटाची कडी लावायची राहिली होती. आधी कुकर आला, मागोमाग चिवड्याचा डबा.

“तानपुरा?” बायको ओरडली.

न्हाणीघरातून आवाज नाही. म्हणजे ठीक. चिवड्याची चौकशी कुणी केली नाही. तो पुढे शिकागोपर्यंत पायाखाली कुरकुरत होता.

संध्याकाळी ओहायोत मुक्काम केला. तानपुरा बाहेर आला, त्याच्या अंगावरून चारदा हात फिरला, तारा चढल्या. शेजारच्या आरव्हीचा जनरेटर घुमत होता. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिचा गुणगुणाट पेटीवरच्या काळी पाच या पट्टीच्या किंचित वर लागतो, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. बायको गाते काळी पाचमध्ये. तिने दोनदा षड्ज लावला, दोनदा कपाळाला आठी घातली.

“जा,” ती म्हणाली, “त्यांना सांग, जरासा उतरवा म्हणावं.”

मी चपला शोधायला लागलो.