मरे नदीचे मुख फ्लिंडर्सला का दिसले नाही

महोदय,

ब्रिटिश दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सने 1801 ते 1803 या काळात ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजातून केलेल्या ऑस्ट्रेलियाच्या किनारपट्टीच्या सर्वेक्षणाला मी काटेकोर म्हटले. त्या खंडातील सर्वांत मोठ्या नदीचे, म्हणजे मरेचे, मुखच ज्याच्या नजरेतून सुटले त्याला काटेकोर कसे म्हणायचे, असा आपला आक्षेप आहे. मुख सुटले हे खरेच आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

फुटणाऱ्या लाटा डेकवरून दिसतील इतके जहाज किनाऱ्याजवळ ठेवायचे, स्वतः दुर्बीण घेऊन डोलकाठीवर चढायचे, भूशिरांचे आणि टेकड्यांचे दिशाकोन घेत राहायचे, अंधार पडताच खोल पाण्यात सरकायचे आणि सकाळी आदल्या दिवशी काम थांबले होते तेथूनच पुढे निघायचे, अशी त्याची पद्धत होती. तिला ठळक खुणा लागतात, आणि मरेच्या मुखाशी नेमक्या त्याच नाहीत. नदी आधी अलेक्झांड्रिना या उथळ सरोवरात पसरते. सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांची लांबलचक पट्टी असून तिच्यातली अरुंद वाट जागा बदलत राहते. समोर सतत लाटा फुटत असल्यामुळे समुद्रावरून किनारा अखंडच भासतो. एप्रिल 1802 मध्ये याच भागात फ्लिंडर्सला भेटलेला फ्रेंच कप्तान निकोला बोदँ पूर्वेकडून तोच किनारा पाहत आला होता, आणि त्यालाही नदी दिसली नव्हती. पुढे 1830 मध्ये चार्ल्स स्टर्ट हा शोधक त्या मुखापर्यंत पोहोचला, तो नदीतूनच, होडीने.

याच सर्वेक्षणात ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा अर्धवट राहिला, त्याचेही कारण निष्काळजीपणा नव्हे, कुजलेले जहाज. हवामान चांगले राहिले तरच ते आणखी सहा महिने टिकेल, असे सुतारांनी नोव्हेंबर 1802 मध्येच बजावले होते. तरी मार्च 1803 पर्यंत फ्लिंडर्सने काम रेटले.

फ्लिंडर्सच्या नकाशांवर जहाजाचा मार्गही आखलेला आहे, त्यामुळे कोणता किनारा किती अंतरावरून पाहिला हे वाचकाला स्वतः तपासता येते. माझ्या लेखी काटेकोरपणा तो हाच.

त्याला दोषच द्यायचा, तर 1799 चा द्यावा. तेव्हा ‘नॉरफोक’ या छोट्या जहाजातून तो पूर्व किनाऱ्यावरच्या मोरटन उपसागरात सुमारे दोन आठवडे होता, तरीही त्याच उपसागराला मिळणारी ब्रिस्बेन नदी त्याला सापडली नाही. शिवाय 24 ते 39 दक्षिण अक्षांशांमध्ये पूर्व किनाऱ्याला एकही महत्त्वाची नदी मिळत नाही, हे त्याने सिद्ध झालेली गोष्ट म्हणून लिहून ठेवले. तिथे त्याने न दिसलेले आणि नसलेले एकच धरले.